बॉल्डविन स्ट्रीट की फोर्द पेन ल्लेख?

जगातला सर्वांत उभा रस्ता हा मान न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या बॉल्डविन स्ट्रीटकडे वर्षानुवर्षं होता. २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेखच्या फोर्द पेन ल्लेखने तो ३७.४५ टक्के चढावर (म्हणजे आडव्या शंभर मीटरमागे ३७.४५ मीटर उंची) पटकावला. २०२० मध्ये मान पुन्हा डनेडिनला गेला. हार्लेखचा रस्ता वळणाचा आहे आणि वळणावर आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त उभी असते, म्हणून चढ मध्यरेषेवर मोजायचं ठरलं. मग बॉल्डविन ३४.८, तर हार्लेख २८.६ टक्के भरला.

मला हा निकाल रास्त वाटतो. माणूस काही फक्त आतल्या कडेने चालत नाही!

पण खरा फरक जन्मकथेत आहे. डनेडिनचा आराखडा एकोणिसाव्या शतकात जमिनीचा चढउतार न बघता आखला गेला. काटकोनातल्या रेघा थेट टेकड्यांवर चढल्या. म्हणून बॉल्डविन स्ट्रीट नाकासमोर सरळ वर जाते. उन्हात डांबर ओघळेल म्हणून तिचा वरचा भाग काँक्रीटचा केला आहे. हार्लेखचा रस्ता मात्र तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या कातळाला धरून वळत उतरतो. गाड्यांना फक्त खालीच जाता येतं.

विक्रम बॉल्डविनचा खरा, पण जुना रस्ता बघायचा तर मी हार्लेखच निवडेन.