जिओपांडाज आणि रास्टेरिओ, आठ महिन्यांनंतर: लायब्ररी चोख, इन्स्टॉलेशनने मात्र घाम काढला

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या एका गटासाठी मी बागांचे नकाशे आणि उपग्रह प्रतिमांचं काम करतो. खरड छाटणीच्या आधीपासून, म्हणजे फेब्रुवारीपासून, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या या दोन लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) रोज हाताखाली आहेत: हद्दींच्या नकाशांसाठी जिओपांडाज, उपग्रह प्रतिमांसाठी रास्टेरिओ. आता गोडी छाटणी चालू आहे. आधी निकाल सांगतो: दोन्ही लायब्रऱ्या मनापासून आवडल्या, पण पहिले तीन आठवडे त्या बसवण्यातच गेले. म्हणून इथे इन्स्टॉलेशनवरच जास्त लिहितोय.

गोंधळाचं मूळ मला फार उशिरा कळलं. जिओपांडाज दिसते पायथनची, पण तिचं खरं काम खालच्या सी आणि सी++ मधल्या लायब्रऱ्या करतात. फाइल उघडते जीडॅल, आकारांची भूमिती बघते जिओस, आणि अक्षांश-रेखांशाचे मीटर करून देते प्रोज. पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, पॅकेजचं तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेली फाइल) मिळालं तर हे सगळं त्याच्या पोटातच येतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. व्हील मिळालं नाही तर पिप सोर्स (मूळ कोड) उतरवतो आणि तुमच्याच मशीनवर तो कंपाइल करायला, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बांधायला, बसतो. गाडी अडते ती तिथे.

माझ्या विंडोज लॅपटॉपवर मी अगदी ताजं पायथन टाकलं होतं. त्यासाठी फिओनाचं, म्हणजे नकाशाच्या फाइल वाचणाऱ्या पॅकेजचं, व्हील अजून आलेलं नव्हतं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, ‘अ जीडॅल एपीआय व्हर्जन मस्ट बी स्पेसिफाइड’. मला वाटलं जीडॅल राहिलंय, म्हणून पिपनेच ते घालायला गेलो. तेही सोर्समधूनच बांधायला निघालं आणि तेही पडलं. दोन दिवस मी चुकीच्या दारावर धडका मारत होतो. त्या संदेशाचा साधा अर्थ एवढाच होता की तुमच्या पायथनसाठी तयार व्हील नाही. पायथनची एक आवृत्ती मागे आलो, नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसचा वेगळा कप्पा) केलं, आणि पंधरा मिनिटांत काम झालं. फिओनाची तर गरजच नव्हती. जून २०२४ मध्ये आलेल्या जिओपांडाज १.० पासून फाइल वाचायला पायओग्रिओ हेच मुख्य इंजिन आहे आणि ते वेगवानही आहे. मी जुनी शिकवणी समोर ठेवून बसलो होतो. आता पिपला ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय देऊनच इन्स्टॉल करतो. मग व्हील नसेल तर तो तिथेच नाही म्हणतो, कंपायलरच्या पानभर चुका वाचाव्या लागत नाहीत.

घरच्या उबंटू २२.०४ वर तऱ्हा वेगळी. तिथे जीडॅलचं पायथन बाइंडिंग (पायथनला जीडॅलशी जोडणारा दुवा) थेट हवं होतं. सिस्टिमचं लिबजीडॅल ३.४.१, आणि पिप आणतो सगळ्यात नवं बाइंडिंग. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय ते बांधलं जात नाही. आधी ‘जीडॅल-कॉन्फिग’ या कमांडला आवृत्ती विचारायची आणि पिपला नेमका तोच आकडा द्यायचा.

पण सगळ्यात जास्त छळलं ते प्रोजने. बागांच्या हद्दी जिओपांडाजमध्ये व्यवस्थित मीटरात येत होत्या. तीच हद्द घेऊन सेंटिनेल-२ उपग्रहाची प्रतिमा रास्टेरिओने कापायला गेलो की ‘ईपीएसजी कोड अननोन’. ईपीएसजी म्हणजे नकाशाच्या निर्देशांक-पद्धतींना दिलेले क्रमांक. माझा कोड ३२६४३, म्हणजे यूटीएम या मीटरात मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा. अख्खा नाशिक जिल्हा त्यात बसतो, तो अनोळखी कसा असेल? रात्री अकराला तो संदेश शेवटपर्यंत वाचला. त्यात प्रोज डॉट डीबी या, असल्या कोडांची यादी असलेल्या, फाइलचा पूर्ण पत्ता होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘इट कम्स फ्रॉम अनदर प्रोज इन्स्टॉलेशन’. पत्ता माझ्या एन्व्हायर्नमेंटचा नव्हताच. वर्षभरापूर्वी टाकलेल्या एका डेटाबेसच्या फोल्डरचा होता. त्याच्या इन्स्टॉलरने विंडोजमध्ये ‘प्रोज लिब’ नावाचं, प्रोजचा डेटा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल कायमचं लावून ठेवलं होतं. जिओपांडाजखालचं पायप्रोज आधी स्वतःजवळचा डेटा बघतं, म्हणून ते चाललं. रास्टेरिओने व्हेरिएबलवर विश्वास ठेवला आणि जुनी फाइल उघडली. डेटाबेसला ते लागत असेल म्हणून मी सिस्टिममधून काढलं नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये रास्टेरिओ इम्पोर्ट व्हायच्या आधी एका ओळीत ते उडवतो. ती ओळ इम्पोर्टच्या वरच हवी, खाली टाकली तर उपयोग नाही.

पिपऐवजी कोंडा-फोर्ज या पॅकेज-भांडाराचा रस्ताही चांगला आहे, पण सगळी पॅकेजेस तिथूनच घ्यायची. अर्धी कोंडाची, अर्धी पिपची अशी खिचडी केली की पुन्हा तेच.

बसल्यावर मात्र एकदाही दगा नाही. एक प्रसंग सांगतो. एक काका माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, “आमची बाग पावणेदोन एकर आहे, तुझं यंत्र काय म्हणतंय?” यंत्र म्हणत होतं ०.०००००० आणि पुढे सहा. क्षेत्रफळ चौरस अंशांत आलं होतं, आणि जिओपांडाजने तसा इशाराही खाली छापला होता. ३२६४३ मध्ये बदलल्यावर ७,०८२ चौरस मीटर आले, म्हणजे बरोबर सत्तर गुंठे. काकांनी सातबारा काढून ताडून पाहिला, मगच चहा घेतला.

शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलप्रकाराचा नाद सोडा, हे मराठीत काम करणाऱ्यांना आग्रहाने सांगेन. स्तंभाच्या नावाला तिथे दहाच बाइट मिळतात, आणि युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘गट क्रमांक’चं ‘गट क’ राहतं आणि पुढचं गळतं. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइलप्रकारात गावांची नावं जशीच्या तशी राहतात.

पावसाळ्यात ढगांमुळे प्रतिमा कामाच्या नव्हत्या. सप्टेंबर संपता संपता आकाश उघडलं, तेव्हापासून दहा मीटर रिझोल्यूशनच्या लाल आणि निअर-इन्फ्रारेड पट्ट्यांवरून प्रत्येक बागेचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, काढतोय. बागेचा कोणता कोपरा मागे पडलाय ते शेतकऱ्याला दाखवता येतं, आणि तो तिथे जाऊन ड्रिपची नळी तपासतो. यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

गेल्या आठवड्यात सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर हेच सगळं बसवलं, वीस मिनिटं लागली. पायथनची आवृत्ती बघायच्याही आधी टर्मिनल उघडून ‘प्रोज लिब’ लावलेलं आहे का ते तपासलं. होतं.