सुभाषनगरात मापाने करून घेतलेली कापशी चप्पल

कोल्हापूरच्या सुभाषनगरातील एका कारागिराच्या घरी पायाचे माप देऊन करून घेतलेली कापशी प्रकारची कोल्हापुरी चप्पल मी गेल्या दसऱ्यानंतर वापरतो आहे. हे परीक्षण जितके त्या चपलेचे आहे तितकेच ती विकत घेण्याच्या पद्धतीचेही आहे, कारण कोल्हापुरीच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असे माझे मत आहे. कारागिराचे नाव मात्र मी देत नाही. तो दुकानांनाही माल घालतो, आणि माल घालणाऱ्याने परभारे गिऱ्हाईक जोडलेले काही व्यापाऱ्यांना खपत नाही. माझ्या चार ओळींपायी त्याचे बारमाही काम तुटू नये.

ऑर्डर मी श्रावणात दिली आणि मुद्दामच तेव्हा दिली. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, अंबाबाईच्या दर्शनाला येणारा पाहुणा रोडावतो, आणि असली चप्पल घालून चिखलात कोण जाणार म्हणून गावातले गिऱ्हाईकही फिरकत नाही. त्यामुळे मृगापासून गणपतीपर्यंतचे दिवस या घरांना उचलीवर काढावे लागतात. ही उचल व्यापाऱ्याकडून घेतली, की नवरात्र-दिवाळीच्या हंगामातला माल त्यालाच आणि तो म्हणेल त्या दराने घालावा लागतो. म्हणजे ज्या दिवसांत चपलेला खरा भाव असतो, त्याच दिवसांत ती करणाऱ्याला भाव मागण्याची सोय उरत नाही. श्रावणात हातावर ठेवलेली निम्मी रक्कम ही दिवाळीत मोजलेल्या पूर्ण रकमेपेक्षा त्याच्या अधिक कामाची असते, ती यामुळे.

मामांनी (त्या कारागिराला सगळे गिऱ्हाईक मामाच म्हणते) जुन्या कॅलेंडरचे पान फरशीवर उलटे पसरले, मला त्यावर उभे केले आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांभोवती फिरवली. मी खुर्चीवर बसूनच पाय पुढे केला होता, तेव्हा ते म्हणाले, “बसून माप दिलं की पाय ल्हान भरतोय. उभं ऱ्हावा सरळ.” डावे पाऊल उजव्यापेक्षा रुंद निघाले आणि तशी खूण त्यांनी कागदावर केली. दुकानात आठ किंवा नऊ नंबर मागून मिळणाऱ्या जोडीत ही सोय नसते. तिथे पायानेच चपलेशी जमवून घ्यायचे असते.

आता चपलेविषयी. कागल तालुक्यातील कापशी गावावरून नाव पडलेल्या या प्रकाराचा घाट सडपातळ असतो. बाजूचे कान लहान, पट्टा अरुंद आणि एकंदर वजन कमी. माझ्या जोडीचा तळ म्हशीच्या कातड्याचा, थरावर थर देऊन केलेला आहे, तर पट्ट्यावरची वेणी बकऱ्याच्या मऊ कातड्याची आहे. वेणीचे काम मामींचे. कातड्याच्या सुतळीएवढ्या पट्ट्या कापून, त्या ओल्या फडक्यात ठेवून, एकेक ओढत त्या वेणी घालतात, आणि हे काम बाजारात कोठेही त्यांच्या नावावर जमा होत नाही. तळाच्या कडेने गेलेली शिवण दोऱ्याची नसून वादीची, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीची आहे: आरीने भोक पाडायचे, ओली वादी ओवून ताणायची, आणि मग ती वाळताना आपली आपण आवळत जाते. संपूर्ण चपलेत एकही खिळा नाही. वादीचे टोक कोठे दडवले आहे, ते मी भिंग घेऊन शोधले तरी मला सापडले नाही.

कातडे कमावण्याची जुनी रीतही सांगण्यासारखी आहे. कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात, त्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरतात, आणि ते पाणी झिरपता झिरपता कातडे मुरत जाते. याला वेळ लागतो, जागा लागते, ऊन लागते. रसायनाने झटपट कमावलेल्या कातड्यापेक्षा हे सुरुवातीला ताठ असते, पण एकदा पायाच्या वळणावर गेले की भर उन्हातही तळव्याला गार वाटते. या एका गुणासाठी मी दुसरी कोणतीही चप्पल या चपलेवरून ओवाळून टाकीन.

किंमत 2,800 रुपये. तशीच दिसणारी चप्पल ‘चप्पल लाईन’ या दुकानांच्या ओळीत हजाराच्या आत मिळते, हे मला ठाऊक आहे, आणि ती घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र तिच्या तळात अनेकदा पुठ्ठा असतो, वर रेक्झिन असते आणि शिवण यंत्राची असते. अडचण अशी, की या दोन्ही वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. मानांकनाने नावाला संरक्षण दिले, पण दुकानाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन जोडींतला फरक ओळखायला शिकवले नाही.

गेली दहा-बारा वर्षे या धंद्याने जे सोसले, त्याची यादी मोठी आहे. 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याचा पुरवठा आटला. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ऐन पावसाळ्यात शहर ठप्प केले. त्यामध्ये 2020 चे टाळेबंदीचे वर्ष. मग जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल मांडली आणि मूळ गावाचा उल्लेखही केला नाही, तेव्हा मात्र सगळीकडे संताप उसळला. पुढे कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून 2,000 जोड इथल्या कारागिरांच्या हातून करून घेण्याचे ठरवले. हे चांगलेच झाले. पण त्या काळात जे तावातावाने बोलत होते, त्यांतील किती जण नंतर कारागिराच्या दारात जाऊन सांगितलेली किंमत मोजून आले, हा प्रश्न मला पडतो. मामांचा अनुभव त्यांच्या शब्दांत असा: “फोटू काढाय लई आली. माप द्याय कोण न्हाई.”

नाटक-गाण्याच्या बाबतीतही आपण असेच वागतो. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ती वास्तू जळताना पाहून शहर हळहळले, आणि ती हळहळ खरी होती. वास्तूच्या पुनर्बांधणीचा खर्च सरकारी तिजोरीतून होऊ शकतो. परंतु प्रयोगागणिक पैसे मिळणारे नेपथ्यवाले, प्रकाशयोजनेचे सहायक, रंगभूषाकार आणि कपडेपट सांभाळणारे यांचे घर तिजोरीवर चालत नाही. त्यांचे घर दुसऱ्या एखाद्या सभागृहात हौशी संस्थेने लावलेल्या प्रयोगाच्या तिकिटावर चालते. अशा प्रयोगाला ओळखीने पास मागणारा रसिक आणि मामांकडे “होलसेलच्या भावात द्या” म्हणणारा गिऱ्हाईक यांना मी एकाच रांगेत बसवतो. दोघांचेही कलेवर प्रेम असते, फक्त खिशात हात जात नाही.

एवढी स्तुती केल्यावर तक्रारीही नोंदवल्या पाहिजेत. घटस्थापनेपूर्वी देण्याचे कबूल केलेली चप्पल दसरा उलटून गेल्यावर मिळाली, आणि उशीर होणार असल्याचा साधा फोनही आला नाही. मध्येच एका व्यापाऱ्याची नवरात्राची मोठी ऑर्डर आली आणि माझा जोड मागे पडला, हे नंतर समजले. त्यांची अडचण मी समजू शकतो, परंतु निम्मे पैसे आधी घेतलेल्या माणसाला कळवणे हा व्यवहाराचा भाग आहे. पावती म्हणून मिळाला तो वहीचा फाडलेला कागद. सुरुवातीला अंगठ्याच्या बेचक्यात चप्पल चांगलीच चावली; रात्री खोबरेल लावून ठेवल्यावर आणि रोज थोडा वेळच घातल्यावर ती सैल झाली. गुळगुळीत फरशीवर नवा तळ घसरतो, तेव्हा वयस्कर माणसांनी जपून. पावसात ती घालूच नये. एकदा भिजलीच तर सावलीत वाळवावी, उन्हात टाकल्यास कातडे तडकते.

काही महिन्यांनी डाव्या पायाचा कान उसवला, तेव्हा मी चप्पल घेऊन परत गेलो. मामांनी हातातले काम बाजूला ठेवून तिथल्या तिथे वादी बदलून दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी ते बळेच दिले, कारण दुरुस्तीही मजुरीच आहे, आणि फुकट केलेल्या कामाच्या उपकाराखाली पुढच्या वेळी तक्रार करता येत नाही. टाच झिजल्यावर ती नवी बसवून मिळेल, असे त्यांनी सांगितले आहे. पुठ्ठ्याच्या तळाच्या चपलेला ही सोय नसते, आणि किमतीचा हिशेब करताना एवढी गोष्ट जरूर धरावी.

ज्यांना उद्याच्या लग्नाला चप्पल हवी आहे, त्यांनी लाईनीतूनच घ्यावी. पण तिथेही तळाच्या कडेची शिवण वादीची आहे का, हे नखाने दाबून पाहावे आणि चप्पल कोणी केली, हे दुकानदाराला विचारावे. काही दुकानदार अभिमानाने सांगतात, आणि खरेदी त्यांच्याकडेच करावी. मापाने करून घ्यायची असेल, तर ज्येष्ठ-आषाढात जावे, उचल द्यावी आणि तारखेसाठी अधूनमधून आपणच फोन करावा. घटस्थापनेच्या तोंडावर गेलात तर मामा नाही म्हणणार नाहीत, पण चप्पल हातात पडेपर्यंत तुळशीचे लग्न झालेले असेल.