इंजिनखालचं कव्हर न काढताच ‘ऑइल बदललं’: सोलापुरात माझे ५,१७९ रुपये असे गेले

घरी येऊन गाडीचं ऑइल बदलून देणारे सध्या सोलापुरात गल्लोगल्ली झालेत. त्यातल्या एकानं मला ५,१७९ रुपयांना लुटलं. लुटलं हाच शब्द वापरतो, कारण काम वाईट केलं किंवा अर्धवट केलं असा प्रकार नाही. काम केलंच नाही. इंजिनखालच्या कव्हरचा (ते उतरवल्याशिवाय माझ्या गाडीत फिल्टर हाताला लागत नाही) एक बोल्टसुद्धा ढिला न करता ऑइल आणि फिल्टर बदलल्याचं बिल माझ्या हातात ठेवून पोरगं निघून गेलं.

गाडीतलं मला काही कळत नाही असं कुणी समजू नये. माझी २०१४ ची डिझेल गाडी. तिचं ऑइल मी वर्षानुवर्षं जुळे सोलापुरातल्या घराच्या पोर्चमध्ये स्वतः बदलत आलोय. कव्हरचे कोणते बोल्ट आखूड, कोणते लांब, हे मला डोळे मिटून सांगता येतं. पण यंदा मणक्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गाडीखाली सरकायचा प्रश्नच नव्हता. ऑइलची तर मुदत भरत आली होती, म्हणून बाहेरचा माणूस बोलावला. गॅरेजला गाडी नेऊन तासन्‌तास बाकड्यावर बसणंही तेव्हा झेपत नव्हतं. यात माझी बेफिकिरी कुठं आली ते मला सांगा.

फोनवर जाहिरात दिसली. पॅकेज ३,७९९ रुपये, ऑइल, फिल्टर, मजुरी सगळं धरून. बुकिंगला १,००० आगाऊ. एवढ्यात पाच लिटरच्या आसपास चांगलं ऑइल आणि फिल्टर बसतो, म्हणजे भाव अगदीच स्वस्त वाटावा असाही नव्हता. स्वस्तात फसलो असतो तर गोष्ट वेगळी.

एप्रिलचं ऊन, सकाळी दहालाच फरशी पोळायला लागलेली. पंचविशीतला पोरगा आला, अंगात नाव छापलेला टी-शर्ट, बोलायला गोड. मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. “काका, ऑपरेशन झालंय म्हणता आन्‌ उन्हात कशाला बसता? आत बसा की. झालं की आवाज देतो.” माणुसकीनं बोलतोय असं वाटलं, आत गेलो. जॅकचा आवाज आला, पान्याचा आवाज आला. त्यानं हाक मारली तेव्हा ट्रेमध्ये काळंकुट्ट ऑइल होतं आणि त्याच्या हातात ऑइल निथळणारा फिल्टर. “बगा काका, किती जाम झालाय.” मग वरचा खर्च सांगितला: कव्हरच्या क्लिपा तुटल्या होत्या, नवीन सेट ४५०. ड्रेन बोल्टचे, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायच्या बोल्टचे, आटे गेले होते, नवा बोल्ट २८०. इंजिन फ्लशिंग, म्हणजे इंजिन आतून धुणं, ६५०. आगाऊ वजा जाता राहिलेले ४,१७९ मी तिथंच स्कॅन करून दिले.

ज्या गोष्टीनं माझी झोप उडवलीय ती इथं आहे. प्रत्येक नवा फिल्टर बसवताना मी त्याच्या बुडावर पांढऱ्या पेंटच्या पेननं तारीख आणि किलोमीटर लिहितो. सवयच आहे. त्याच्या हातातल्या फिल्टरवर काही नव्हतं. मी विचारलं, “अरे, ह्यावर मी तारीख टाकलेली असते, ती कुठाय?” तो पटकन म्हणाला, “तुम्हाला दाखवायचा म्हणून आत्ताच डिझेलनं धुतला काका, त्यात गेली असंल.” आता सांगा, फेकायचा फिल्टर कोण धुतं? आणि धुतलेला फिल्टर काळं ऑइल गाळत कसा असेल? दोन वाक्यांत उघडा पडणारा खोटेपणा माझ्या हातात होता. पण समोर ट्रेभर ऑइल दिसतंय, माणूस घामानं भिजलाय, कमरेत कळा मारतायत, अशा वेळी कुणीही मान हलवून पैसे दिले असते. तो फिल्टर दुसऱ्याच गाडीचा होता. ट्रेमधलं ऑइलही तो डब्यात भरून बरोबर घेऊन आला असणार, कारण माझं ऑइल तर माझ्याच इंजिनात होतं.

आणि फरशी! कव्हर खाली आलं की पसाभर सुकी माती पडतेच. सोलापुरात गाडी चालते आणि कव्हरमध्ये धूळ नाही हे शक्यच नाही. त्या दिवशी पोर्चची फरशी झाडल्यासारखी साफ होती. तुमच्या दारात कुणी ऑइल बदललं आणि जमीन स्वच्छ दिसली, तर पैसे देऊ नका. आधी त्याला कव्हर परत उतरवायला लावा.

संध्याकाळी ऑइलची पातळी बघायची काडी ओढून बघितली. ऑइल काळं. पण डिझेल गाडीत नवं ऑइलही इंजिनातल्या काजळीनं लगेच काळं पडतं, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं. पेट्रोल गाडीत ताजं ऑइल मधाच्या रंगाचं दिसतं, तिथं ही चोरी त्याच दिवशी पकडली जाते. डिझेलवाल्यांनो, काडीवरच्या रंगावर विसंबू नका. पातळी तर आधी होती तेवढीच होती, ती बरोबरच दिसणार.

उलगडा जुलैत झाला. पुढच्या बाजूनं काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, म्हणून बार्शीहून आलेल्या भाच्यानं गाडी जॅक स्टँडवर चढवली. मी खुर्चीत बसून मोबाइलच्या टॉर्चनं उजेड दाखवत होतो. कव्हरच्या बोल्टांची डोकी काळ्या मातीनं बुजलेली. आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते, भाच्याला ती खिळ्यानं कोरून काढावी लागली तेव्हा कुठं दहाचा पाना बसला. ‘नवीन’ क्लिपा म्हणजे माझ्याच जुन्या क्लिपा, त्यातली एक मी कधीतरी बसवलेली करड्या रंगाची. कव्हर आणि बंपरच्या फटीत उसाची पाचट अडकलेली, हिवाळ्यात पंढरपूर रस्त्याला ट्रॉल्यांमागून जाताना शिरलेली. कव्हर खाली घेतलं, आणि वर फिल्टरवर माझ्याच हातची पांढरी अक्षरं: १२-५-२०२४, ६८,४१०. मधल्या काळात मी त्याच ऑइलवर पुण्याला जाऊन आलो होतो. टर्बोच्या (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला त्या ऑइलशिवाय दुसरा आधार नसतो, तो गेला असता तर भुर्दंड कितीला पडला असता याचा विचार करवत नाही. भाच्यानं तेव्हाच सगळं बदललं. ऑइल, फिल्टर, वायसर मिळून ३,२६० रुपये पुन्हा गेले.

मी लगेच त्या ऑइल बदलणाऱ्यांना फोन लावला. उत्तर तयार होतं: “सर, आमचे टेक्निशियन वरून व्हॅक्यूमनं ऑइल काढतात, कव्हर काढायची गरज नसते.” काडीच्या नळीतून ऑइल ओढायची पद्धत आहे, ते खरंच आहे. पण मग ड्रेन बोल्टचे २८० आणि क्लिपांचे ४५० कशाचे? आणि फिल्टर? माझ्या गाडीत तो कव्हर काढल्याशिवाय हाताला लागत नाही. (काही गाड्यांत फिल्टर वरून निघतो, काहींच्या कव्हरला छोटी झडप असते. आपल्या गाडीत कुठं आहे ते आधी बघून ठेवा, हे लोक विचारून अंदाज घेतात.) यावर तिकडून शांतता. पुढं म्हणे कामाची हमी ३० दिवसांचीच असते. नंतर तो नंबर लागायचाच बंद झाला.

पोलीस ठाण्यात गेलो. जुना फिल्टर पिशवीत, फोटो, बिल, पेमेंटचे स्क्रीनशॉट, सगळं घेऊन. साहेबांनी पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. “काका, पाच हजारांचं मॅटर आहे. सर्व्हिस आवडली नाही तर ग्राहक मंचात जा, हे दिवाणी आहे.” सर्व्हिस आवडली नाही? मी हॉटेलातल्या भाजीबद्दल तक्रार करत नव्हतो! दुसऱ्याचा फिल्टर माझा म्हणून दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कुणासाठी लिहिलंय? मी कलमाचा आकडा घेतला तर उत्तर मिळालं, “मग तुम्हीच लिहा एफआयआर.” मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला लाकडी बाकावर बसवून ठेवायचं आणि शेवटी साध्या कागदावर अर्ज घेऊन पोहोचही द्यायची नाही. पोहोच मागितली की शिक्का आणणारा जेवायला गेलेला. सायबरवाल्यांकडं पाठवलं, तर तिथं म्हणे पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं दिलेत. मर्जीनं दिले म्हणूनच फसवणूक म्हणतात, मर्जीविना घेतले असते तर त्याला चोरी म्हणाले असते. पाच हजार त्यांना कमी वाटतात. तोच पोरगा दिवसभरात अशी किती घरं करत असेल, याचा हिशोब कुणाला करायचा नाही.

एवढं सांगतो: ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडं लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. पोचपावती घ्याच. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ऑनलाइन पैशांची चोरी असेल तर १९३०, आणि तोही लगेच. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मी अर्ज टाकलाय आणि सोडणार नाही.

कुणाला घरी बोलावणार असाल तर उन्हात बसवत नसेल तरी दारातून हलू नका. घरातल्या दुसऱ्याला उभं करा. कव्हर जमिनीवर आलेलं बघा आणि फोटो काढा. फिल्टरवर आधीच खूण करा, तीही कोरून, पेंटवर भरवसा नको. ऑइलचा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा डबा त्याला नेऊ देऊ नका, माझा डबा तो ‘भंगारात घालतो’ म्हणून घेऊन गेला. क्लिपा तुटल्या म्हणाला तर तुटलेल्या क्लिपा हातात मागा. कव्हर परत चढवण्याआधी गाडी चालू करून ड्रेन बोल्टपाशी गळती बघा, कारण कव्हर चढलं की थेंब त्याच्यातच साठतात आणि बाहेर काही दिसत नाही. कव्हरची पुढची कड बंपरच्या आत बसली पाहिजे. बाहेर राहिली तर हायवेला वारा शिरून सगळं कव्हर फाटतं. पैसे अगदी शेवटी, गाडीखाली नजर टाकल्यावर. आगाऊ मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागात त्या उन्हाळ्यात कुणी असं घरी ऑइल बदलून घेतलं असेल, तर आजच कव्हर उतरवून फिल्टर बघा. जुनाच निघाला तर तो टाकू नका. फोटो काढा, बिल आणि पेमेंटची नोंद जोडून तुमचीही तक्रार द्या. एकट्या माणसाचा अर्ज ते फाइलीत टाकून मोकळे होतात.