बड्या घरची पोरं लढाईत मरतात का? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट उघडून बघा

मोठ्या लोकांची मुलं युद्धात जातात की फक्त गरिबाचीच मरतात, हा वाद निघाला की सगळे ठोकून देतात. पहिल्या महायुद्धापुरतं तरी ठोकून द्यायची गरज नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्या साधारण १७ लाख लोकांची नोंद आहे, शोधायला पैसे लागत नाहीत, आडनाव, रेजिमेंट, रँक, तारीख, काहीही टाकून गाळत जायचं.

मी सांगेन की आधी ॲस्क्विथ टाका. लेफ्टनंट रेमंड ॲस्क्विथ, ग्रेनेडिअर गार्ड्स, १५ सप्टेंबर १९१६. बाप तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान, चालू पंतप्रधान बरं का, माजी नाही. आणि पान कसं, तर कुठल्याही खाणकामगाराच्या पोराचं असतं तसंच, नाव, हुद्दा, तारीख, स्मशानभूमी, थडग्याचा नंबर, खाली जुन्या रजिस्टरांचे स्कॅन, बस. तिथल्या दगडांचंही तेच, उंची ८१ सेंटीमीटर, रुंदी ३८, हुद्दा कोरतात पण हुद्दा मोठा म्हणून दगड मोठा होत नाही.

आता हे काही बड्या घरांनी आनंदाने मान्य केलेलं नव्हतं हां. १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनचा नातू, स्वतः खासदार, फ्रान्समध्ये मारला गेला तर वशिला लावून त्याचा मृतदेह घरी आणला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मृतदेह परत न्यायलाच बंदी आली, कारण ज्याच्याकडे पैसा त्याचाच मुलगा घरी येणार हे उघड दिसायला लागलं. उलट व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स मॉरिस १९१४ मध्ये गेला तेव्हा आईने त्याला परत आणायला नकार दिला, तो बेल्जियममधल्या ईपरलाच आहे बाकीच्या सैनिकांमध्ये. १९१९ मध्ये लेडी फ्लोरेन्स सेसिलने, जिचे तीन मुलगे युद्धात गेले होते, सरसकट दगडांऐवजी क्रॉस लावू द्या म्हणून सुमारे ८,००० सह्यांचा अर्ज केला. तीन मुलगे गेलेल्या बाईला नाही म्हणणं सोपं नसणार, पण नाहीच म्हटलं, आणि मला वाटतं बरोबर केलं. पैशाने एक फट मात्र शोधलीच. दगडावर घरच्यांना ६६ अक्षरांपर्यंत ओळ कोरता यायची आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स मागायचे, नंतर ते ऐच्छिक झाले. न्यूझीलंडने तर समानता पाळायची म्हणून ही ओळच नाकारली.

किपलिंगचं पान बघून जरा थांबायला होतं. मुंबईत जन्मलेला लेखक, मुलगा जॉन डोळ्यांनी अधू म्हणून सैन्याने नाकारलेला, तर बापाने माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घुसवला. आपल्याकडे ओळख लावतात ती बहुतेक उलट्या दिशेने. पोरगा १८ व्या वर्षी फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत गेला, बापाच्या हयातीत मृतदेह सापडला नाही, आणि पुढे बापच याच कमिशनचा साहित्य सल्लागार.

एकूण हिशोब बघितला तर ब्रिटिश सैन्यात साधारण १२ टक्के शिपाई गेले आणि अधिकारी १७ टक्के, कारण खंदकातून पहिला बाहेर पडायचा तो कोवळा लेफ्टनंट, आणि तो बऱ्याचदा इटनसारख्या बड्या घरच्या पोरांच्या शाळेतून आलेला. एकट्या इटनचे हजारावर गेले.

इथपर्यंत पाच स्टार. आता बसरा मेमोरिअल उघडा. इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड कैदेत इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि त्याचे शिपाई वाळवंटातून चालता चालता मेले. बसऱ्याच्या भिंतीवर ब्रिटिशांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची पण आहेत, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. पंतप्रधानाच्या पोराला आणि खाणकामगाराच्या पोराला एकच माप लावणारी संस्था रंग बदलला की वेगळं माप काढते. २०२१ मध्ये त्यांच्याच समितीने कबूल केलं की मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या किमान १ लाख १६ हजार लोकांची नावाने नोंदच झालेली नसावी, मग माफी मागितली. रिपोर्ट लपवला नाही म्हणून पूर्ण तीन स्टार कापत नाही, एकच कापतो. चार.

भिंतीवर नसलेली शिपायांची नावं साइटवर मात्र मिळतात, कधी बापाचं नाव आणि गावसुद्धा असतं. फक्त इंग्रज कारकुनांचं स्पेलिंग आहे, त्यामुळे नावाने शोधत बसू नका, पलटण आणि १९१५-१६ च्या तारखा टाका आणि यादी वाचत जा.