विमान कुठून धरायचं, उजळाईवाडी की सांबरा?

घरातलं कुणी बेंगळुरूला निघालं की सांगलीत हा वाद ठरलेला: कोल्हापूरहून (विमानतळ उजळाईवाडीला) जायचं की बेळगावहून (विमानतळ सांबऱ्याला)? सांगलीजवळ कवलापूरच्या माळावर विमानतळ व्हायचाय, तिथे विमान उतरेल तेव्हा उतरेल, तोवर निवड या दोघांतच.

आधी आकाशातलं अंतर बघू. बेंगळुरू विमानतळ कोल्हापूरहून सरळ रेषेत साधारण 530 किमी, बेळगावहून 445. म्हणजे बेळगाव 85 किमीने जवळ. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, त्या हिशोबाने वाचली जेमतेम दहा मिनिटं. ती वाचवायला सांगलीहून सांबऱ्यापर्यंत सुमारे 140 किमी गाडी हाकायची, उजळाईवाडी मात्र पन्नास-पंचावन्नवर. दहा मिनिटांसाठी रस्त्यावर दीड-दोन तास जास्त! हैदराबादला तर एवढाही फरक नाही. दोन्हीकडून 435 ते 445 किमी.

तिकिटावर जो वेळ लिहिलेला असतो, त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर थांब्याला लागणंही धरलेलं असतं. म्हणून सांबऱ्याला मोठं एअरबस मिळालं तरी फार हुरळू नका. इतक्या जवळच्या पल्ल्यात निम्मा वेळ विमान वर चढण्यात आणि खाली येण्यात जातो, पंधराएक मिनिटं वाचली तर वाचली. फायदा सामानाला. एटीआरमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि डोक्यावरचा कप्पा एवढासा. आमच्या काकूंचा हळदीचा डबा आणि बेदाण्याची पिशवी त्यात बसेना, शेवटी डबा मांडीवर. हवाईसुंदरीने तोही पायाशी ठेवायला लावला.

मग बेळगाव कधी? तिकिटात चांगला फरक असेल आणि माणसं चार असतील तेव्हा. टॅक्सी रिकामी परत येते, म्हणजे जास्तीचे 85 किमी जाऊन-येऊन 170. किमीला 14 रुपये धरले तर 2,380. चौघांचे माणशी हजार वाचत असतील तर परवडलं, एकट्याने जाणाऱ्याने नाद सोडावा. सामान कमी असेल तर मिरजेहून रेल्वेने बेळगाव गाठता येतं, पण गाडी लेट झाली की विमान गेलंच समजा. सामान घेणारा काउंटर तासभर आधी बंद होतो.

पावसाळ्याचं गणित वेगळं. कोल्हापूरला जाताना अंकलीच्या पुलावर कृष्णा आणि शिरोलीच्या पुढे पंचगंगा, दोन नद्या आडव्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, विमानतळ त्या पाण्याच्या पलीकडे. बेळगावच्या वाटेवरही कृष्णा सुटत नाही. पुराच्या दिवसांत मी दोन्ही सोडून पुण्याचंच तिकीट काढतो.

एकदा ढगांमुळे आम्हाला न्यायला येणारं विमान कोल्हापूरला उतरलंच नाही. तेव्हा कळलं की या दोन विमानतळांत हवेतून 95 किमी आणि महामार्गाने दोन तासांचंच अंतर आहे. संध्याकाळचं विमान बेळगावहून मिळालं. त्यामुळे आता तिकीट कोल्हापूरचंच काढतो, पण बेळगावच्या वेळा फोनमध्ये टिपून ठेवतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी वेळापत्रक बदलतं, तेव्हा त्या पुन्हा बघायच्या.