वाळूज पट्ट्यातली सुपरवायझर कार्यशाळा: दोन दिवसांत काय पदरात पडतं

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांतल्या छोट्या कारखान्यांच्या मालक-सुपरवायझरांसाठीची ही कार्यशाळा नेमक्या दुखण्यावर बोट ठेवते. पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या दोघादोघांच्या जोड्या १०, पंधरा जणांत १०५. म्हणून माणसं वाढली की तोंडी निरोपावरचं काम विस्कटतं, हे फळ्यावर मांडून दाखवतात.

सगळ्यात उपयोगाचा भाग निर्णयांच्या तक्त्याचा. डावीकडे रोजचे निर्णय लिहायचे: टूल बदलणं, ओव्हरटाइम, माल परत पाठवणं. प्रत्येकासमोर एकच नाव आणि रकमेची मर्यादा. परत फिरवता येईल तो निर्णय सुपरवायझरनं जागेवर घ्यायचा. मशीन खरेदी किंवा ग्राहकाला द्यायची तारीख मालकाकडे. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात. आणि मर्यादा ठरवूनही मालक दर वेळी "मला विचारलं का?" म्हणाला, तर तक्ता नुसता भिंतीवर राहतो. हे मालकांच्या तोंडावर सांगतात, ते फार बरं.

पाळी बदलतानाची दहा मिनिटांची उभी बैठकही नीट शिकवतात.

कमी पडतं ते एका ठिकाणी. चांगला ऑपरेटर सुपरवायझर झाला की हाताखाली कालचेच सोबती येतात, बऱ्याचदा गावातले, भावकीतले. त्यांना चूक कशी सांगायची, याचा सराव हवा होता. तो विषय घाईत उरकतात. उदाहरणंही सगळी वाहनांच्या सुट्या भागांची. लातूरच्या डाळमिलवाल्यांनी, जालन्याच्या बियाणेवाल्यांनी आपल्या निर्णयांची यादी घरूनच लिहून न्यावी, आणि मालक-सुपरवायझरांनी जोडीनंच जावं.