'डार्क साइड' की 'विश यू वेअर हिअर'?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कुठला अल्बम भारी, यावरून कॉलेज रोडच्या टपरीवर आमचे कितीतरी चहा गार झालेत. मित्राचं मत ठाम: 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. त्यातलं 'मनी' मलाही आवडतं. गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांची खुळखुळ आणि ठेका सात मात्रांचा. रूपक ताल बोटांवर मोजणाऱ्याला तो लगेच सापडेल. नाशिक ढोलावर वाढलेला माझा पाय मात्र आठवी मात्रा शोधत अडखळतो. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मधला गायिका क्लेअर टोरीचा शब्दांविना आलाप तर थेट काळजात. पण अख्खा अल्बम मला जरा जास्तच घोटलेला वाटतो.

माझा कौल १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'ला. गाणी पाचच. बँडचा जुना साथीदार सिड बॅरेटसाठीचं 'शाइन ऑन' दोन तुकडे करून सुरुवातीला नि शेवटी ठेवलंय. गिटारचे ते चार स्वर यायला जवळपास चार मिनिटं लागतात. पावसाळ्यात पंचवटी एक्स्प्रेसच्या खिडकीशी बसून, कसारा घाटातल्या धुक्यात ते ऐकले आणि मी मित्राशी वाद घालणंच सोडलं. 'हॅव अ सिगार' बँडबाहेरच्या रॉय हार्परनं गायलंय. मित्राला या अल्बममधलं नेमकं तेवढंच आवडतं!